दुपारी दोन ते चार

३ जानेवारी

आत्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन वाजत ठेवून गप्प बसता येतं, पत्राचं तसं नाही. फाडायचं तरी एकदा हातात घ्यावं लागतं. तेवढाच माझा फायदा.

दवाखान्याच्या दारावर तो बंद करण्याच्या प्रस्तावाची नोटीस लागली त्या दिवशी बाबांचा फोन आला होता. म्हणाले, "ताईने नोटीस वाचली, मागे जोडलेला अहवाल वाचला, शेवटच्या पानावर तुझं नाव वाचलं आणि नळ सोडून हात धुवायला लागली. बराच वेळ धूत होती." पुढे काय म्हणाली, मी विचारलं. "काहीच नाही." हे ऐकून माझी पाचावर धारण बसली. तू ओरडणारी बाई आहेस. लोकांना इंजेक्शनपेक्षा तुझ्या आवाजाची धास्ती जास्त. तू गप्प बसलीस म्हणजे प्रकरण साधं नाही.

म्हणून काय झालं ते मीच सांगते. नगरपालिकेने आमच्या कॉलेजला एक काम दिलं होतं. शहरातले सहा छोटे दवाखाने तपासायचे, कोणते ठेवावेत आणि कोणते मोठ्या रुग्णालयात विलीन करावेत ते सुचवायचं. सार्वजनिक व्यवहार हा विषय घेतलेल्या आम्ही बारा जणांनी ते सहा महिने केलं. पहिल्या वर्षी तू विचारलं होतंस, "म्हणजे नक्की काय गं? दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची पदवी?" तेव्हा मी दोन दिवस फुगून बसले होते. आज तू तेच विचारलंस तर मला उत्तर सुचणार नाही.

निकष एकच होता: दिवसाला सरासरी किमान वीस रुग्ण, तेही नोंदवहीप्रमाणे. नोंदवह्यांच्या प्रती दर महिन्याला नगरपालिकेत येतात, तिथेच बसून मोजायचं. दवाखान्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली आणि चौथा माझ्या वाट्याला आला. त्याची सरासरी निघाली अकरा. चौथा म्हणजे तुझा. पण कागदावर तू कुठेच नव्हतीस गं. फक्त "दवाखाना क्र. ४" होता.

आणि आमच्याकडे दोन पानांचा नियम आहे. प्रश्न केवढाही असो, तो दोन पानांत मांडायचा, कारण निर्णय घेणारा माणूस तिसरं पान उलटत नाही. हे इथे पहिल्या दिवसापासून शिकवतात. दोन पानांत अकरा हा आकडा बसतो, बाकीचं राहून जातं. दुपारी मागच्या दाराने येणाऱ्या बायकांचं माझ्या लक्षातच आलं नाही. तुझी शपथ.

रागावून का होईना, पण लिही.

तुझी टिटवी


१२ जानेवारी

आत्या,

तू पत्र वाचलंस, असं बाबा म्हणाले. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होतीस, हेही म्हणाले. म्हणजे वाचताना कोणी पाहू नये म्हणून सगळ्यांना कामाला लावलं होतंस. मला बरं वाटलं.

इथलं सांगते, कारण दुसरं सांगायचं धैर्य व्हायला जरा वेळ लागेल. आमचे वर्ग एका लांबट टेबलाभोवती भरतात. बारा खुर्च्या आमच्या, तेरावी आम्हाला शिकवणाऱ्या बाईंची. मागचा बाक नावाची सोय नाही, त्यामुळे वाचून न येणारा लगेच उघडा पडतो. सकाळी अंदाजपत्रक वाचायचं, दुपारी तत्त्वज्ञान, संध्याकाळी संख्याशास्त्र. शिकवणारेही आवारातच राहतात. संध्याकाळी बाई घराच्या पायरीवर बसून आमचे कागद तपासतात आणि रस्त्याने जाताना दिसलं की हाक मारतात, "तुझं पान दुसरं, ओळ चौथी. कशावरून?" अख्ख्या कॉलेजात त्यांचा हा एकच शब्द गाजतो. कशावरून? आम्ही साधं "आज गरम होतंय" म्हणालो तरी एकमेकींना विचारतो, कशावरून?

खोलीत माझ्याबरोबर राहते तिला सगळे मुद्देसूद म्हणतात, कारण ती दात घासायलाही मुद्दे पाडून जाते. मी तिला सांगितलं, की नगरपालिकेने प्रस्तावावर हरकती मागवल्यात, तर मी माझ्याच अहवालावर हरकत घेणार आहे.

"मुद्दा एक," ती म्हणाली, "स्वतःच्या अहवालावर हरकत आजवर कोणी घेतलेली नाही. मुद्दा दोन, आकडा चुकला म्हणतेस, पण का चुकला ते सांगणार नाही म्हणतेस. मुद्दा तीन, लोक हसतील."

"चौथा?"

"तीनात काम झालं तुझं."

तिचा दुसरा मुद्दाच खरा आहे. आकडा का चुकला ते सांगायचं म्हणजे मागचं दार सांगायचं.

काल मी तुझ्या गल्लीत आले होते. घरी आले नाही, दवाखान्यातही नाही. समोरच्या शिंप्याच्या दुकानात बटण लावून घ्यायला म्हणून बसले. दोन वाजता तू पुढचं दार ओढून घेतलंस, पाटी उलटी केलीस. थोड्या वेळाने शेजारच्या बोळात एक बाई शिरली, मग दोघी, मग कामाच्या कपड्यातली एक मुलगी, हात ओढणीखाली धरून. आठ-नऊ जणी तरी आल्या असतील. चार वाजता तू पाटी सुलटी केलीस. शिंपी म्हणाला, "बाई जेवायच्या सुट्टीत झोपतात. वय झालं आता." मी मान डोलावली. त्याला इतक्या वर्षांत काही कळलेलं नाही, हे पाहून मला तुझं केवढं कौतुक वाटलं.

पुढच्या दाराच्या नोंदवहीत नाव, पत्ता आणि तक्रार लिहावी लागते. ती वही टेबलावर उघडी असते आणि रांगेतला प्रत्येक माणूस वाकून वाचतो. ती लिहिणारा कारकून त्याच गल्लीत राहतो. नवऱ्याने हात पिरगाळला तर तक्रारीच्या रकान्यात काय लिहायचं? म्हणून त्या दोन ते चारमध्ये येतात आणि त्यांची नावं तू लिहीत नाहीस. त्या बायका सोडल्या तर हे सगळं ठाऊक असलेल्या आपण दोघीच.

पहिल्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं आहे. कोणतं ते तुला कळलं असणार. पुढच्या पत्रात सांगते.

टिटवी


२० जानेवारी

आत्या,

लक्षात आलं नाही, असं मी लिहिलं होतं. लक्षात होतं.

ग्रंथालयात खिडकीजवळ एक टेबल आहे, तिथे बसून मी तो अहवाल लिहिला. अकरा हा आकडा लिहिला आणि खाली बारीक अक्षरात एक टीप घातली: "या दवाखान्यात नोंद न होणारे रुग्णही येतात." एकच ओळ. ती दोन पानांत सहज बसत होती, नियमाचं कारण मी उगाच पुढे केलं. मग मला बाईंचा आवाज ऐकू आला, कशावरून? आणि मी ती ओळ खोडली.

कारण "कशावरून"चं उत्तर होतं, तिथली नर्स माझी आत्या आहे. काम सुरू होण्याआधी आम्हा सगळ्यांकडून एक कागद भरून घेतला होता. तपासायच्या दवाखान्यांशी तुमचं किंवा तुमच्या नातेवाइकांचं काही नातं आहे का? "नाही" वर खूण करून मी सही केली होती. हो म्हटलं असतं तर मला दवाखाना बदलून मिळाला असता, एवढंच. पण बारातल्या दोघांना परीक्षेनंतर नगरपालिकेच्या नियोजन कार्यालयात घेणार होते आणि त्यातली एक मी असेन असं बाई म्हणाल्या होत्या. मला वाटलं, उगाच शंकेला जागा कशाला. वर्गात सगळ्यांच्या घरी वकील, अधिकारी, प्राध्यापक. माझी आत्या गल्लीतल्या दवाखान्यात पट्ट्या बांधते हे मी तीन वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. मुद्देसूदलाही नाही. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे, पण खोटं लिहून झालंय एकदा, आता पुन्हा नको.

आई गेल्यावर शाळा सुटली की मी तुझ्या मागच्या खोलीत बसून गृहपाठ करायचे. एकदा एका बाईचा ओठ फाटलेला होता आणि मी तिच्याकडे टक लावून पाहत होते. ती गेल्यावर तू माझी हनुवटी धरून म्हणालीस, "टिटवे, इथं पाहिलेलं इथंच ठेवायचं. कुणाचं नाव या दाराबाहेर न्यायचं नाही." मी नऊ वर्षांची होते. तो शब्द मी पाळला. बडबडी म्हणून तूच मला टिटवी नाव ठेवलंस, तरी पाळला. आणि आता मोठी झाल्यावर त्याच शब्दाच्या आड लपले. आत्याने सांगितलंय ना, बोलायचं नाही, मग नाही बोलायचं. किती सोयीचं!

चार-पाच दिवसांपूर्वी बाईंकडे गेले. त्या पायरीवरच होत्या. मी सांगितलं, क्रमांक चारची नर्स माझी आत्या आहे आणि मी कागदावर खोटी खूण करून सही केली.

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "मग आकडा खोटा आहे का?"

"आकडा बरोबर आहे. मोजणी चुकीची आहे."

"कशावरून?"

"ते सांगू शकत नाही."

"सांगू शकत नाहीस की सांगायचं नाही?"

 त्यांनी कागद पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "तू खोटी सही केली नसतीस तर आज तुझ्या न सांगण्यावरही मी विश्वास ठेवला असता. आता नगरपालिकेच्या समितीला एवढंच दिसेल, की आत्याची नोकरी जातेय म्हणून भाची आली."

त्या चूक बोलल्या नाहीत. या सत्राच्या या विषयात मी नापास आहे. नियोजन कार्यालयातली माझी जागा मुद्देसूदला मिळाली. तिने ती घ्यावी म्हणून मला तिच्याशी भांडावं लागलं. पदवीला सहा महिने उशीर होईल. बाबांना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

सुनावणी सात फेब्रुवारीला आहे. मी हरकत नोंदवली आहे.

टिटवी


८ फेब्रुवारी

आत्या,

तू सभागृहात नव्हतीस. मी दाराकडे पाहत होते.

प्रत्येक हरकतीला तीन मिनिटं देतात, मग घंटा. वर्गात आम्ही अशा लुटूपुटूच्या सुनावण्या वीस वेळा केल्या असतील. कोणी अध्यक्ष व्हायचं, कोणी चिडलेला नागरिक. मी नेहमी अध्यक्ष व्हायचे. चिडलेल्या नागरिकाच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले आणि कळलं, की माइक त्या खुर्चीपासून वीतभर लांब असतो. वाकून बोलावं लागतं. वाकून बोलणारा माणूस आधीच विनवणी करतोय असं वाटतं.

मी सांगितलं, क्रमांक चारचा अहवाल माझा आहे, तिथली नर्स माझी आत्या आहे, हे मी लपवलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तुम्ही आत्यासाठी आलात." मागे लोक हसले. मी म्हटलं, "हो, आत्यासाठी पण आले. मी फक्त नोंदवही मोजली. नोंदवहीत येत नाहीत अशी माणसं तिथे उपचाराला येतात."

"कोण माणसं?"

"ते मी सांगणार नाही."

आता हसू जरा मोठं होतं. एक सदस्य म्हणाले, "अहो ताई, आम्ही निर्णय कशाच्या जोरावर घ्यायचा? तुमच्या भरवशावर? तुम्ही तर आताच म्हणालात की तुम्ही खोटं लिहिता." तोंडात मारल्यासारखं झालं. तेवढ्यात घंटा झाली.

मी मागे जागेवर परतले आणि आमच्या बाई उठल्या. त्यांनी हरकत नोंदवलेली नव्हती, तरी उठल्या. म्हणाल्या, "विद्यार्थिनीने चूक केली, तिला शिक्षा झाली. पण मोजणीची पद्धत मी ठरवली होती. नोंदवहीच्या बाहेर पाहू नका असं मी सांगितलं. ही शंका तिच्या आधी मला यायला हवी होती." समितीने आपापसात बोलून सांगितलं: सहा दिवसांची नवी मोजणी, पंधरा दिवसांच्या आत. वीस भरले तर दवाखाना राहील, नाहीतर पहिल्या तारखेला कुलूप.

बाहेर आल्यावर बाईंना थँक्यू म्हणायला गेले. त्या म्हणाल्या, "माझे कसले आभार? जा आणि मोज."

पण मी मोजणार नाही, आत्या. निदान तुला विचारल्याशिवाय नाही. बोळाच्या तोंडाशी वही घेऊन बसले, तर दुसऱ्या दिवशी तिथे एकही बाई येणार नाही. आणि नाही मोजलं तर पहिल्या तारखेनंतर त्यांना यायला जागाच राहणार नाही. मोठं रुग्णालय तीन किलोमीटरवर आहे, तिथेही उघडी वही आहे, आणि दोन ते चारमध्ये तिकडे जाऊन परत येणं कोणाला जमेल? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी आजवर निबंधात वापरत होते.

शिवाय तुझं काय? बावीस वर्षं नोंद न करता रुग्ण तपासले हे कळलं तर तुझी चौकशी होईल. म्हणून मी तोंड उघडलं नाही. तुला झाकायला पाहत होते.

मला अहवाल लिहिता येतो, अंदाजपत्रक वाचता येतं, तीन मिनिटांत मुद्दा मांडता येतो. यातलं काय करू ते मला कळत नाही. तू सांग. नाही म्हणालीस तर मी गप्प बसेन. पण या वेळी खरंच तुझ्या शब्दाखातर बसेन.

मला तुझी फार आठवण येते.

टिटवी


१९ फेब्रुवारी

टिटवे,

पत्रं चारही मिळाली. लिहायला वेळ नव्हता. राग होता हेही खरं, आणि तो अजून आहे. तुला वाटलं असेल दवाखाना जातोय म्हणून. दवाखाना सरकारचा, आज आहे उद्या नाही. तू माझं नाव लपवलंस याचा राग आहे. लहानपणी शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचीस, माझी आत्या टाके घालते, माझी आत्या टाके घालते. तिथं कॉलेजात गेल्यावर काय झालं? जाऊ दे. त्याला वेळ लागेल. म्हणून तू यायचं थांबवू नकोस.

एक गोष्ट तू लहानपणीच चुकीची समजलीस. कुणाचं नाव बाहेर न्यायचं नाही, असं मी म्हणाले होते. बायका येतात हेच सांगायचं नाही, असं कधी म्हणाले? बायकांना झाकायला सांगितलं होतं, मला झाकायला कुणी सांगितलं? निवृत्तीला दीड वर्ष उरलंय माझ्या. चौकशी करतील, कागद मागतील, खुर्चीत बसवून चहा न विचारता चार प्रश्न विचारतील. त्याला मी घाबरते होय? मला विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं. पण मोठं शिकलेल्या माणसाला घरच्यांना विचारायचं सुचत नाही. दिव्याखाली अंधार तो हाच.

तुझं चौथं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक कोरी वही घेतली आणि मागच्या खोलीत ठेवली. आलेल्या प्रत्येकीला सांगितलं, दवाखाना बंद करतायत, माणसं मोजून दाखवायची आहेत. नाव नको, गाव नको, काय झालं ते नको. फक्त एक उभी रेघ ओढायची, आपल्या हाताने. कुणाची रेघ कुठली ते मीही बघणार नाही. काही जणी लगेच तयार झाल्या. काहींनी विचार करायला वेळ घेतला आणि जाताना ओढली. एकीने इतकी दाबून ओढली की कागद फाटला. एक म्हातारी म्हणाली, "बाई, मी गेल्या आठवड्यात पण आले होते, दोन ओढू का?" म्हटलं, नाही आजी, आज आलात तेवढीच.

सहा दिवस झाले. पुढच्या दाराने नोंदवहीत सहासष्ट. मागच्या दाराने त्रेपन्न रेघा. एकूण एकशे एकोणीस. सहा दिवसांना वीसप्रमाणे एकशे वीस लागतात, एवढं गणित तुझ्या आत्यालाही येतं.

एकशे विसावी आली होती. चौथ्या दिवशी, तीनच्या सुमाराला. पट्टी बदलली. वही पुढे केली तर हात मागे घेतला. म्हणाली, "खूण पण नको. माझी कुठेच खूण नको." मी म्हटलं बरं, आणि वही मिटली.

ती गेल्यावर पेन माझ्या हातातच होतं. सगळ्या रेघा सारख्याच दिसतात, एक जास्त असती तर कुणाला कळलं असतं? पण तिने नको म्हटलं होतं. मी ओढली नाही. तूही ओढू नकोस.

वही आणि माझं सहीचं निवेदन तुझ्या बाबांबरोबर पाठवते आहे. बावीस वर्षं मी काय केलं आणि का केलं ते त्यात लिहिलंय, तुझ्या बाईंच्या नियमाने, दोन पानांत. ते घेऊन समितीपुढे उभी राहा. एक कमी का, असं विचारतील. नक्की विचारतील. तेव्हा माइक हाताने ओढून जवळ घे आणि त्यांना सांग, की एक बाई मोजून घ्यायलाही घाबरली, आणि हा दवाखाना तिच्यासाठीच आहे.

ती परवा पट्टी बदलायला परत येणार आहे.

आत्या